तिसरी नळी

"अंडी चालत नव्हती तुमास्नी माझी, आन आता रगात चालतंय व्हय?" असं म्हणत आकारामने त्याची जुनी एम-एटी राजमतीआजींच्या अंगणात, पार पायरीपर्यंत आणून उभी केली.

राजमतीआजी ओट्यावर उजवी बाही वर करून बसल्या होत्या आणि मी त्यांच्या दंडाला रबरी पट्टा बांधत होते. त्यांनी त्याच्याकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

"रगात माझंच हाय," त्या म्हणाल्या. "माझ्याच अंगणात ठेवायला तुझी परवानगी लागती का काय?"

आकाराम हसला. एकतीस वर्षं त्याने हळदवाडीहून सांगलीच्या दुकानांना अंडी पोचवली होती, आधी सायकलवरून आणि मग या एम-एटीवरून. वाटेत गावातलीच जैनांची गल्ली लागायची. तिथे चहा मिळायचा, गप्पा व्हायच्या, पण गाडी गल्लीच्या तोंडाशी, लिंबाखाली. तो नियम कुणी लिहिलेला नव्हता आणि आकारामने कधी मोडला नव्हता. पुढे अंड्यांच्या कंपनीचा टेम्पो थेट दुकानांत जाऊ लागला आणि आकारामची फेरी बंद झाली. आता तो आमच्या प्रयोगशाळेसाठी रक्ताच्या नळ्या नेत होता, आणि गाडी पायरीपर्यंत आणायचा आनंद दर बुधवारी नव्याने घेत होता.

मी सुई टोचली. जांभळ्या टोपणाच्या दोन नळ्या भरून घ्यायच्या होत्या.

"ब्राह्मी," आजी म्हणाल्या, "गेल्या खेपेला नेलंस, आता परत नेतीस. त्यात बघतीस तरी काय?"

सत्तरी ओलांडलेल्या, शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या बाईला हे कसं सांगावं, याचा मी वाटेतच विचार करून ठेवला होता. मी सांगितलं, की आपलं शरीर बारीक बारीक पेशींचं बनलेलं आहे आणि प्रत्येक पेशीत त्याहून बारीक भट्ट्या असतात. त्यांना तंतुकणिका म्हणतात. आपण खातो त्या भाकरीची ताकद त्याच करतात. फार फार पूर्वी त्या बाहेरचे जिवाणू होत्या. कुठल्यातरी पेशीने त्यांना गिळलं पण पचवलं नाही, आणि दोघं एकत्र राहू लागले. म्हणून अजूनही त्यांच्याजवळ स्वतःचा वेगळा डीएनए आहे. अशी एखादी तंतुकणिका बिघडली, फुटली आणि तिच्यातला डीएनए बाहेर सांडला, की पेशीच्या पहारेकऱ्यांना वाटतं बाहेरून जिवाणू घुसला. शत्रू कुणी नसतो. तरी ते हाकाटी करतात आणि मग सूज येते, सांधे ठणकतात. रक्तात हा सांडलेला डीएनए किती आहे, ते आम्ही मोजतो.

आजींनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे माझ्या अंगात मी सोडून दुसरं जीव बी हायत."

"होते. आता ते तुमचेच झालेत."

"किती?"

"एकेका पेशीत शेकड्यांनी."

"एका अंगात अगणित जीव ऱ्हात्यात, म्हणून आमी जन्मात बटाटा खाल्ला न्हाई," आजी म्हणाल्या. "आन तू म्हणतीस मीच बटाटा हाय."

आकाराम इतका हसला की त्याला पायरीवर बसावं लागलं. हसू ओसरल्यावर मात्र तो नळ्यांकडे बघत म्हणाला, "आवं ताई, ही अंड्याचीच गोष्ट हाय की. ट्रेत तीस अंडी. एक तडकलं आन वेळेवर काढलं न्हाई, की बलक गळतो, मुंग्या येत्यात, वास सुटतो. बाकीच्या एकोणतिसांना काय बी झालेलं नसतंय, पर दुकानदार सगळा ट्रे परत करतोय."

"आणि वेळेवर काढलं तर?"

"तर कुणाला पत्ता बी लागत न्हाई."

मी म्हटलं, की निरोगी पेशीसुद्धा हेच करते. बिघडलेली तंतुकणिका फुटायच्या आत हुडकते आणि गुपचूप मोडीत काढते. वय झालं की हे काम मंदावतं. आकारामने मान हलवली, जणू पेशीचं आणि त्याचं या धंद्यातलं मत जुळलं होतं.

आमची प्रयोगशाळा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आहे. एका बाजूला नट-बोल्टचा कारखाना, दुसऱ्या बाजूला पाइपचा. आमच्या अभ्यासात दोनशे चाळीस माणसं होती. अर्धी साताऱ्याकडची, खंडाळ्याच्या आसपासची आणि अर्धी इस्लामपूरच्या अलीकडच्या या हळदवाडीची. खंडाळ्याची नळी व्हॅनने महामार्गावरून यायची. हळदवाडीसाठी मी ऑगस्टमध्ये आकारामला ठेवून घेतलं होतं, कारण गावात चौकशी केली तेव्हा तिघांनी वेगवेगळ्या वेळी मला एकच उत्तर दिलं, की फुटण्यासारखं काही न्यायचं असेल तर आकारामला सांगा.

त्याची पद्धत त्याची होती. नळ्यांचा डबा तो मागच्या कॅरिअरला कधीच बांधत नसे. पुढे, पाय ठेवायच्या जागेवर वाकळ घालायचा, वाकळेवर सायकलची ट्यूब अर्धीच हवा भरून ठेवायचा आणि ट्यूबवर डबा. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा कमी. खड्डा आला की लोक ब्रेक दाबतात. आकाराम खड्ड्याच्या आधी ब्रेक सोडून द्यायचा. "दाबला की गाडी नाक खुपसती," तो सांगायचा. "सोडला की नाक वर करून उतरती." बेचाळीस किलोमीटरला त्याला दोन तास लागत. चार महिन्यांत एकही नळी फुटली नाही.

दोन तास हाच त्याच्यावरचा एकमेव आक्षेप होता. आमचे प्रमुख डॉ. वीरधवल शिंदे कामाचा वेग बघणारे आहेत. ते वाईट नाहीत. त्यांच्याकडे माणसं थोडी आणि गावं जास्त आहेत, एवढंच. डिसेंबरमध्ये त्यांनी हळदवाडीलाही व्हॅन लावली. ती तासाभरात पोचते, मग उरलेल्या वेळात आणखी एक गाव होईल, असा त्यांचा हिशेब होता आणि तो कागदावर बरोबर होता. आकारामला कळवायचं काम माझ्याकडे आलं. मी ते फोनवर उरकलं, आणि त्याची लाज मला लगेचच वाटली, कारण दुसऱ्या दिवशी तो डबा परत करायला स्वतः कुपवाडला आला. डबा धुतलेला होता, आतून पुसलेला होता.

"ताई, माज्याकडनं एकादी नळी खराब झाली का?"

"नाही."

"मग?"

"वेळ लागतो, आकाराम."

"व्हय, वेळ लागतोय," तो म्हणाला. त्याने ते अगदी सरळपणे मान्य केलं. "टेम्पोनं अंडी नेली, व्हॅननं रगात. आता काय ऱ्हायलंय बघतो फुटण्यासारखं." हसत हसतच तो गेला. पण जाताना त्याने गाडी नेहमीसारखी सुरू केली नाही. फाटकापर्यंत ढकलत नेली.

जानेवारीच्या अखेरीस डिसेंबरपासूनच्या नमुन्यांची मोजणी झाली, आणि हळदवाडीचे आकडे वर गेलेले दिसले.

थोडेथोडके नाही. रक्तात सांडलेला तंतुकणिकांचा डीएनए आधीपेक्षा दुप्पट, कुणाचा तिप्पट. खंडाळ्याचे आकडे होते तिथेच होते. शिंदे सरांनी दोन्ही आलेख एकावर एक ठेवले. मग त्यांनी फळा पुसला आणि लिहायला सुरुवात केली. उसाचा पाला जाळल्याचा धूर. फवारणी. तोडणीच्या हंगामातले श्रम. एक अख्खं गाव आतून धुमसतंय आणि आपल्याला ते रक्तात दिसलंय, असं ते म्हणाले. पुण्यात मार्चअखेरीस परिषद होती. तिच्यासाठी निबंधाचा सारांश त्यांनी त्याच आठवड्यात पाठवला. त्यावर माझंही नाव होतं, दुसरं.

मला आनंद व्हायला हवा होता. पण एक गोष्ट बसत नव्हती. शरीरात खरोखर दाह असेल तर रक्तातली आणखी एक खूण वाढते, सीआरपी नावाची. ती आम्ही दुसऱ्या नळीतून मोजत होतो. हळदवाडीचा सीआरपी शांत होता. आग लागल्याची हाकाटी होती आणि धूर नव्हता.

त्यात राजमतीआजी. त्यांचा आकडा गावात सगळ्यांत वर होता. त्या हिशेबाने त्यांना ओट्यावरून उठवायला माणूस लागला असता. मी फेब्रुवारीत गेले तेव्हा त्या अंगणात शेवया वाळत घालत होत्या. तब्येत विचारली तर म्हणाल्या, की सुनेबरोबर बाहुबलीच्या डोंगराला जाऊन आले, सगळ्या पायऱ्या चढले, सून मात्र अर्ध्यावर बसली.

त्या दिवशी परतताना मी स्वतःच्या गाडीवरून न येता व्हॅनमध्ये मागे, डब्याशेजारी बसले. व्हॅन चालवणारा रोहन गुणी मुलगा आहे. गाणी लावतो, कुणालाही हात दाखवला तर बसवून घेतो. पण तो तासाभरात पोचायला सांगितलेला ड्रायव्हर होता. आणि हळदवाडीहून मोठ्या रस्त्याला लागेपर्यंतचे सात किलोमीटर उसाच्या ट्रॉल्यांनी नांगरल्यासारखे झाले होते. हंगाम भरात होता. डबा माझ्या मांडीएवढा उंच उडत होता. मी तो दोन्ही हातांनी धरला तरी आतल्या नळ्यांचा खुळखुळाट ऐकू येत होता.

मी चौदा वर्षं नळ्या हाताळते आहे. रक्तात प्लेटलेट नावाच्या बारीक पेशी असतात. जखम झाली की रक्त थांबवतात. त्यांच्यात तंतुकणिका असतात. आणि प्लेटलेट नाजूक असतात. पुरेशा हलवल्या की फुटतात, आणि पोटातलं सगळं बाहेर सांडतात.

हळदवाडीच्या माणसांमध्ये काहीही फुटलेलं नव्हतं. फुटत होतं ते नळीत, त्या सात किलोमीटरांत. खंडाळ्याचा महामार्ग गुळगुळीत होता म्हणून तिकडे काही दिसलं नाही. आणि ऑगस्ट ते नोव्हेंबर हळदवाडीतही काही दिसलं नाही, कारण तेव्हा आकाराम होता.

मी ते सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. परिषदेला पाच आठवडे उरले होते. "सिद्ध कर," एवढंच म्हणाले.

मी प्रयोग साधा ठेवला. दहा माणसं. प्रत्येकाच्या रक्ताच्या तीन नळ्या. एक व्हॅनने जाणार. दुसरी आकारामबरोबर. तिसरी कुठेच नेणार नाही. ती तिथल्या तिथे सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवायची, पेशी तळाला बसल्या की वरचा पिवळा द्रव काढून घ्यायचा आणि गोठवायचा. हलवली न गेलेली नळी म्हणजे खरा आकडा. बाकी दोघींना तिच्याशी ताडून बघायचं. कॉलेजातून लहान सेंट्रीफ्यूज मागून आणलं. राजमतीआजींनी ओट्याचा कोपरा दिला आणि घरातून वायर ओढून दिली.

आकारामला फोन केला तेव्हा त्याने एवढंच विचारलं, किती दिवसांसाठी. मी म्हटलं, एका दिवसासाठी. तो टायरची हवा कमी करूनच आला.

त्या सकाळी निम्मी गल्ली जमली होती. रोहन आणि आकाराम एकदमच निघणार होते. रोहनला मी सांगितलं होतं, की नेहमी चालवतोस तशीच चालव, आणि त्यालाही हे सगळं कशासाठी चाललंय ते माहीत होतं. तो आकारामला म्हणाला, की मामा, मी हरलो तर चांगलंच आहे, नाही तर मला दोन्हीकडची गावं करत राहावी लागतील. आकाराम डबा बांधण्यात गुंतला होता.

"आकाराम," आजी ओट्यावरून म्हणाल्या, "तू पोचशील तवर माझं रगात म्हातारं व्हईल."

"आजी, म्हातारं हाय म्हणूनच माज्याकडं दिलंय."

व्हॅन धूळ उडवत गेली. धूळ पूर्ण खाली बसल्यावर मगच आकाराम निघाला. मी सेंट्रीफ्यूजचं झाकण लावलं.

मोजणीला चार दिवस लागले. जागेवर फिरवलेल्या नळीचा आकडा शंभर धरला, तर व्हॅनची सरासरी दोनशे ऐंशीच्या वर गेली. आकारामची एकशे सहा. दहाही माणसांत एकाचाही अपवाद नाही. मी सगळं दोनदा तपासलं आणि मग कागद सरांच्या टेबलावर ठेवला.

सरांनी तो शेवटपर्यंत वाचला. मग त्यांनी माझ्यासमोरच पुण्याला पत्र लिहून सारांश मागे घेतला. व्हॅनने आलेले हळदवाडीचे चौऱ्याऐंशी नमुने बाद ठरवले. तीन महिन्यांचं काम होतं. "आपण एका गावाला आजारी ठरवणार होतो," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "बरं झालं." त्यांच्याबद्दल माझा आदर त्या दिवशी वाढला.

मी म्हटलं, की मग आकारामला परत बोलावते.

सरांचं बोट कागदावरच होतं. ते आकारामच्या रांगेवर नव्हतं. पहिल्या रांगेवर होतं.

"सगळ्यांत चांगली तर ही आहे," ते म्हणाले. "जागेवर फिरवलेली. मग रक्त न्यायचंच कशाला? एक छोटं सेंट्रीफ्यूज गावातच ठेवू. द्रव गोठवला की कशानेही आणा, कितीही आदळा. फुटायला आत पेशीच नाहीत."

ते अगदी बरोबर होतं. त्यांच्या जागी मी असते तरी हेच म्हटलं असतं. मी तरी पंधरा मिनिटं वाद घातला. एकशे सहा म्हणजे शंभरच, म्हटलं. ट्यूब आणि वाकळेची पद्धत लिहून काढू, दुसऱ्या गावांतही वापरू. सर म्हणाले, लिहून दाखव. मी त्या संध्याकाळी बसले. ट्यूबमध्ये हवा किती, टायरमध्ये किती, वेग किती, इथपर्यंत जमलं. ब्रेक नक्की कधी सोडायचा, ते लिहिता येईना. कुठला खड्डा उजवीकडून टाळायचा आणि कुठला सरळ घ्यायचा, त्याची यादी होत नाही. आणि होणार असली तरी उद्या आकारामला ताप आला तर गावाचे आकडे चढणार. ती पद्धत नव्हती, तो एक माणूस होता. विज्ञानात तसं चालत नाही.

तिसरी नळी कुणी ठेवायला सांगितली नव्हती. प्रयोग चोख व्हावा म्हणून मीच ठेवली होती.

या खेपेला फोन केला नाही. मी हळदवाडीला गेले. आकाराम घरासमोर गाडीची साखळी तेल लावून पुसत होता. त्याची बायको लक्ष्मीबाई भुईमुगाच्या शेंगा निवडत होती. मी आधी आकडे सांगितले. शंभर, एकशे सहा, दोनशे ऐंशी. त्याने ते दोनदा म्हणवून घेतले. मग बायकोला ऐकवले, आणि तिने मान वर केली नाही तेव्हा आणखी एकदा ऐकवले.

"सहाच जास्त," तो म्हणाला. "ते बी सांगतो कुटं झालं. आष्ट्याच्या फुडं म्हस आडवी आली हुती."

मग मी उरलेलं सांगितलं. सेंट्रीफ्यूजचं. जागेवर फिरवायचं. गोठवायचं.

तो फडक्याने बोटं पुसत राहिला. एकेक बोट, सावकाश. लक्ष्मीबाईंचे हात शेंगांत तसेच थांबले होते.

"म्हंजे व्हॅन बी हारली आन मी बी हारलो," तो अखेर म्हणाला. "जितली ती जाग्यावर बसून ऱ्हायलेली."

"तुमच्यामुळेच कळलं ते. नाही तर—"

"न्हाई न्हाई. बराबर हाय त्येंचं." तो खरंच विचार करत होता. "मला जर कुणी म्हणलं आसतं, अंडी न्यायचीच न्हाईत, गिऱ्हाईकच कोंबडीपाशी येऊन खातंय, तर मी बी सायकल काढली नसती."

लक्ष्मीबाई हसल्या. मग मीही हसले. मला हसायचं नव्हतं, पण त्याने तसं घडवून आणलं.

मी त्याला म्हटलं, की सरांशी बोलले आहे. गावातलं सेंट्रीफ्यूज कुणीतरी चालवायला लागेल. नळ्या लावायच्या, वेळ बघायची, वरचा द्रव हलक्या हाताने काढायचा, खालच्या थराला धक्का न लावता. तो हात सगळ्यांजवळ नसतो. दर बुधवारी आणि शनिवारी.

"बसून?"

"बसून."

"जन्मात बसून काम केलं न्हाई."

"शिका आता," लक्ष्मीबाई म्हणाल्या. त्या संभाषणातलं त्यांचं हे पहिलंच वाक्य होतं. "मी न्हाई का बसत?"

एप्रिलच्या दुसऱ्या बुधवारी मशीन आलं. राजमतीआजींनी ओट्याचा तोच कोपरा कायमचा देऊन टाकला आणि एक लोखंडी खुर्चीही. त्यांचं रक्त मी पुन्हा घेतलं, कारण त्यांचे तिन्ही महिने बाद झाले होते. बाद म्हणजे काय, ते त्यांनी विचारून घेतलं आणि म्हणाल्या, की ह्यापुढं सांडायचं असलं तर आधी विचारून सांडा. मग त्यांनी आकारामकडे मोर्चा वळवला. आता तो आठवड्यातून दोनदा त्यांच्या दारात खुर्चीवर बसणार, म्हणजे त्यांच्या तोंडाच्या टप्प्यात राहणार, याचं त्यांना फार समाधान वाटत होतं.

मी आकारामला शिकवायला लागले. नळ्या गोलात लावतात, एकमेकींच्या बरोबर समोर, सारख्या वजनाच्या. नाही तर मशीन थरथरतं. त्याने ऐकलं, मग मला बाजूला केलं. एकेक नळी डोळ्यांसमोर धरून रक्ताची उंची जुळवत, जोड्या लावत गेला. सायकलच्या दोन्ही अंगांना सारखं ओझं लावायची एकतीस वर्षांची सवय बोटांत होती. मधेच थांबला.

"अकरा हायत ताई. एकीला जोडीदार न्हाई. पाण्याची भरून लावू का?"

मी ते अजून शिकवलंच नव्हतं. कॉलेजातल्या मुलांना मी हे दर वर्षी सांगते आणि दर वर्षी कुणीतरी विसरतं. मी नुसती मान हलवली. त्याने पाण्याची नळी मापून भरली, झाकण लावलं आणि खुर्चीवर बसला. मशीन घुमू लागलं. ते जराही थरथरलं नाही. आजी ओट्यावर हात टेकवून बघत होत्या.

त्या दिवशी व्हॅन खंडाळ्याला गेलेली होती, आणि गावातला गोठवणीचा डबा पुढच्या आठवड्यात यायचा होता. तेव्हा या एका खेपेला वर काढलेल्या द्रवाच्या नळ्या कुपवाडला आकारामनेच न्यायच्या, असं ठरलं. शेवटचीच खेप. मी त्याला समजावून सांगितलं, की आत आता पेशी नाहीत, नुसता पिवळा द्रव आहे, हिसके बसले तरी चालतील. उलट ऊन आहे, बर्फ टिकायला पाहिजे, तेव्हा जरा जोरातच चला. तो बरं म्हणाला. मी माझ्या स्कूटीवरून मागे निघाले.

तो जोरात गेला नाही. आष्टा मागे पडलं, सांगली मागे पडली, आणि त्याचा वेग जिथे होता तिथेच राहिला. दोनदा मला वाटलं, शेजारी जाऊन सांगावं. बर्फ भरपूर घातला होता, तो टिकणार होता, हे मला ठाऊक होतं. मी गेले नाही.

कुपवाडला पोचलो तेव्हा कारखान्यांची पाळी सुटली होती. फाटकांतून शेकडो दुचाकी एकदम रस्त्यावर आल्या. सगळ्यांना घरी जायचं होतं. मधोमध एक जुनी एम-एटी पंचवीसच्या वेगाने चालली होती, त्यामुळे मागून हॉर्न सुरू झाले. आधी एक, मग दहा-बारा. आकारामची पाठ ताठ होती. त्याने आरशात पाहिलं नाही, गाडी कडेलाही घेतली नाही.

मी वेग थोडा वाढवला आणि बरोबर त्याच्या मागे, रस्त्याच्या मध्यावर येऊन तेवढ्याच वेगाने चालू लागले. आता ते सगळे हॉर्न माझ्यासाठी वाजत होते.